गोणपाटातल्या सीतेची ओटी

आई, परवा कर्जतला आमचा सीतेचा प्रयोग झाला. त्याच मंगल कार्यालयात, जिथे तू मला सगळ्या गावादेखत स्टेजवर गाठलं होतंस. तू जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुला काही लिहावंसं वाटलं नव्हतं, कारण लिहायला बसलं की पहिल्यांदा तेच लिहावं लागलं असतं. परवा मात्र आपल्या भिसेगावच्या काकूंनी भर सभेत माझी अशी खरडपट्टी काढली की आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी नक्की काय करते हे मला तुला कधी समजावता आलं नाही. कुणी विचारलं की तू सांगायचीस, "नाचते, पन देवाधर्माचं करते." म्हणजे जुन्या पोथ्यापुराणांतल्या गोष्टी आम्ही नव्या नाचातून पुन्हा मांडतो. गाणं नाही, मुद्रा नाहीत, घुंगरू नाहीत. एकदा बाबा तालीम बघायला आले होते, रसायनीच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट. तासभर बसले आणि मग तुझ्या कानात म्हणाले, "ही नाचायला कवा सुरू होनार?" लहानपणी मी स्वयंपाकघरात गिरक्या घ्यायचे तेव्हा तरी मी नाचतेय हे तुम्हाला कळायचं. तू तांदळाची उकड मळता मळता ओरडायचीस, "परातीत पाय पडला तर त्याच पायाची भाकर थापीन हां." आणि संध्याकाळी मशीनवर बसून माझ्या स्नेहसंमेलनाच्या झग्याला अकरा हुक लावायचीस, कारण तीन हुकांवर तुझा विश्वास नव्हता. तो झगा काढायला दोन बाया लागायच्या. पण स्टेजवर तो कधी सुटला नाही, हे मान्य.

म्हणून सीतेचे कपडे बघून तू हबकलीस ते बरोबरच होतं. आमच्या सरांनी, म्हणजे हे सगळं बसवणाऱ्या दिग्दर्शकांनी, मला गोणपाट गुंडाळलं होतं. खरंखुरं, भाताच्या पोत्याचं. सरांच्या मते त्यात सीतेची सगळी वेदना होती. मी घरी आणून दाखवलं तेव्हा तू ते दोन बोटांत धरलंस, मशीनच्या उजेडात उलटंपालटं करून पाहिलंस आणि म्हणालीस, "जनकाची लेक गं ती. तिला पायपुसनं नेसवलंय." मी तुला रूपक म्हणजे काय ते अर्धा तास सांगितलं. तू काजं करत ऐकत होतीस. शेवटी विचारलंस, "मंग शेवटाला काय व्हतं?" मी म्हटलं, सीता धरणीत जाते. "म्हंजे आयशीकडं जाते," तू म्हणालीस. मी म्हटलं, आई, जात नाही, विलीन होते. "आसंल. पन जाते ना?" मी हो म्हटलं. तुझं सगळं तिथेच ठरलं असणार. मला मात्र वाटलं की विषय संपला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाला तू भजनी मंडळाच्या बायकांना घेऊन टेंपोने आलीस. पहिली रांग तुमची. बाबा तुझ्या शेजारी बसले आणि दिवे मंदावल्याबरोबर झोपले. सीतेचं शेवटचं जाणं आम्ही बारा मिनिटांचं केलं होतं. मी पाठमोरी, एकेक पाऊल, मागच्या काळ्या पडद्याच्या फटीकडे जायचं. मागे काचा फुटल्याचा आवाज. सहाव्या मिनिटाला मला पहिल्या रांगेतून पिशवीची खसखस ऐकू आली. मला वाटलं, कुणी चिवडा काढतंय. मग चपला काढल्याचा आवाज आला. देवळात शिरावं तशा तू स्टेजच्या पायरीशी चपला काढून नीट जोडून ठेवल्यास आणि वर आलीस. "थांब गं बाय," म्हणालीस. "मोकळ्या ओटीनं जाऊ नको."

मी थांबले नाही. कलावंताने थांबायचं नसतं, असं मला शिकवलं होतं. तू माझ्यापेक्षा भराभर चालायचीस हे मी विसरले. समोर येऊन उभी राहिलीस, कपाळाला हळदकुंकू लावलंस आणि विचारलंस, "पदर कुठाय?" गोणपाटाला पदर नसतो, आई. तू इकडेतिकडे चाचपलंस, एक टोक ओढून काढलंस आणि माझ्या हातात दिलंस. माझी अर्धी पाठ उघडी पडली. त्यात तू तांदूळ घातलेस, नारळ, सुपारी, हळकुंड आणि खण. तो हिरवा खण मी ओळखला. आदल्या दिवाळीपासून तू तो कुणाला शिवू देत नव्हतीस. लग्न मी केलंच नाही, त्यामुळे माझी ओटी भरायचं तुझं राहूनच गेलं होतं. मला आता वाटतं, तू त्या दिवशी सीतेच्या नावावर स्वतःचंही उरकून घेतलंस. तो खण ओटीत नीट बसवत तू जरा जास्तच वेळ रेंगाळलीस. ते मी तेव्हा पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

एकीने ओटी भरली म्हटल्यावर बाकीच्या कशा बसतील? सगळं भजनी मंडळ रांग लावून स्टेजवर. कुणी पर्समधली सुपारी काढली, कुणी नुसतंच कुंकू लावलं, काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मागे काचा फुटतच होत्या. बाबा जागे झाले आणि जेवणं सुरू झाली असं समजून हात धुवायला गेले. सगळ्यांचं झाल्यावर तू म्हणालीस, "जा आता," आणि तोंड फिरवून डोळे पुसलेस. मी गेले.

आणि पडद्यामागे मी तुला जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "तुला कळत नाही त्यात कशाला नाक खुपसतेस? दोन वर्षांच्या कष्टांचा पोरखेळ केलास. पुन्हा माझ्या प्रयोगाला येऊ नकोस." तुझ्या हातात रिकामी पिशवी होती. तू तिची घडी घातलीस, मग त्या घडीची घडी घातलीस आणि म्हणालीस, "बरं." भांडली असतीस तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात किती भांडायचीस! त्यानंतर तू खरंच आली नाहीस. प्रयोग पनवेलला झाला, खोपोलीत झाला, टेंपो भरून बायका आल्या, तू घरी बसलीस. "ब्लाउजांची घाई हाय," म्हणायचीस.

तू गेल्यावर वर्षभराने आम्ही सीता पुन्हा बसवायला घेतली. तालमीत शेवटच्या जाण्याला मी निघाले आणि सहाव्या मिनिटाला पाय अडले. पुढे जाईनात. हात आपोआप पुढे आले आणि मी नसलेला पदर धरून उभी राहिले. सर उठून आले; कर्जतच्या त्या प्रयोगाला ते तापाने घरी होते आणि झालेलं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "हे काय आहे? कुठून आलं?" मी म्हणाले, "सुचलं." बस्स, एवढंच म्हणाले. सरांनी ते उचलून धरलं, एक बाई येते आणि सीतेची ओटी भरते असा शेवट बसवला, आणि तेव्हापासून लोक तिथेच रडतात. लेख आले. मुलाखतींत मला विचारलं की मी शरीराची स्मृती, लोकपरंपरेचा पुनर्शोध असलं काहीबाही सांगायचे. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "काय बोलते ही?" पण आई, तुझ्यावर ज्यासाठी ओरडले त्याचंच मी आठ वर्षं नाव कमावलं, आणि तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

म्हणून परवाचा कर्जतचा प्रयोग मला नकोच होता. पडदा उघडला तर पहिल्या रांगेत तेच भजनी मंडळ, गुडघे धरून बसलेलं. शेवट आला. ओटी भरणारी आमची मुलगी गुणी आहे, पण मोठ्या शहरातली. तिने नारळ उलटा धरला. काकूंचा आवाज आला, "शेंडी तिच्याकडं कर गं!" मुलगी दचकली, नारळ फिरवला. "आनि हळूच घाल, दगूड नाय तो." अख्खं कार्यालय हसलं. मीही हसले असते, पण सीतेला तशी सोय नाही.

प्रयोगानंतर प्रश्नोत्तरं असतात. एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, ओटीची कल्पना मूळ कुणाची? सरांनी कौतुकाने माझ्याकडे माईक दिला. समोर काकूंनी हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "माझ्या आईची. तिने इथेच, या स्टेजवर माझी ओटी भरली होती. मी आजवर सांगितलं नाही." टाळ्या पडल्या. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात काकू माईकशिवायच म्हणाल्या, "मंग तवा तिच्यावर वराडलीस कशापायी? टेंपोत रडत आली ती. माझ्या पदराला डोळं पुसलं."

तू टेंपोत रडलीस हे मला माहीत नव्हतं, आई. "बरं" म्हणालीस म्हणून मला वाटलं होतं की बरं. मी माईकमध्ये "चुकलं माझं" म्हणाले. काकूच वर आल्या, चपला काढून. माझं नाक त्यांनी त्यांच्याच पदराने पुसलं.

आता एक राहिलं. त्या पहिल्या प्रयोगानंतर चार दिवसांनी तू फोन केला होतास. बाकी काही बोलली नाहीस, फक्त विचारलंस, "ओटीच्या तांदळाची खीर केलीस ना? दुसऱ्याला देऊ नये ते." मी म्हटलं, केली. तू विचारलंस, "ग्वाड झाली?" मी म्हटलं, हो, छान झाली. आई, मी ते तांदूळ रागाने पडद्यामागेच सोडून आले होते. कार्यालयाच्या बाईने झाडून नेले असतील.

परवाचे तांदूळ मात्र मी घरी आणले आणि काल त्यांची खीर केली. खाली लागली. सगळी खाल्ली.