दादाचं अक्षर

९ सप्टेंबर २०२४
निशिगंधाने आज दादाची ट्रंक उपसली! १७ तारखेला, मुक्तिदिनी, इथल्या हैदराबादच्या मराठी मंडळात हिम्मतरावदादाच्या तसबिरीचं अनावरण. रजाकारांशी लढला, सगळा तालुका त्याला 'जनरल' म्हणायचा. जाऊन तीन वर्षं झाली, तरी माझ्या नातीला केवढं कौतुक! एक उर्दू कागद सापडला. "आजी, मोठ्या आजोबांचं हँडरायटिंग! फ्रेम करून स्टेजवर लावू." लाव बाई म्हटलं. चष्मा नव्हता डोळ्यांवर.

११ सप्टेंबर
पोरगी आबिड्सहून फ्रेम घेऊन आली, गोंधळलेली. फ्रेमवाले चाचा विचारत होते म्हणे – "बेटी, इसकू टांगते आप लोगां? घर में कोई पढे नै क्या?" तिला मराठीच धड वाचता येत नाही, उर्दू कुठली!

मी शाळा पाहिली नाही. मराठी वाण्याच्या पुड्यांवरून शिकले. उर्दू मात्र दादाने पाटीवर गिरवून घेतली. त्याचंच हे अक्षर. चष्मा लावला.

निजामाच्या पोलिसांचा अमीन – त्याला चिठ्ठी. "उद्या पहाटे माझे अकरा जण नाल्याच्या उतारावरून येतील. मी नसेन." खाली सही.

तीनदा वाचलं. अक्षर काही बदलेना.

१२ सप्टेंबर
फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली.

१३ सप्टेंबर
अकराही जण त्या उतारावर मारले. त्यांत नागोराव – शेजारच्या मनकर्णावहिनीचा नवरा. अंगाची हळदही उतरली नव्हती तिच्या. कुणीतरी फितूर झालं, एवढंच आम्ही शहाहत्तर वर्षं म्हणत आलो. दादासुद्धा मान हलवायचा!

पोलीस ॲक्शननंतर अमीनाच्या कचेरीतलं दफ्तर त्याच्याच हाती आलं होतं. फाडून टाकायचास की रे! जपून कशाला ठेवलास?

आई गेल्यावर माझी वेणी तू घालायचास. वाकडी, पण घट्ट. आता कुणावर रागावू मी?

१५ सप्टेंबर
अनावरण वहिनीच्याच हातून आहे. त्र्याण्णव वर्षांची. तारनाक्याहून तिच्या पुतण्याने, रवीने, फोन लावून दिला. "तारा, नवं लुगडं काढलंय गं! आन् जनरलपुढं जायचं म्हंजे कवळी लावूनच येते!" खदखदून हसली.

निशिगंधाला सगळं सांगितलं. रडली पोर. मग म्हणते, "आजी, फ्रेम लावूच नको. एवढ्या म्हाताऱ्या बाईला कशाला त्रास?"

खरं आहे तिचं. पण न सांगता वहिनीच्या हातून हार घालून घ्यायचा – ज्याने तिचं कुंकू पुसलं त्याला? आणि सांगितलं, तर माझा दादा कायमचा गेला. तो एकदा गेलाय, तेच अजून सोसलं नाही.

१६ सप्टेंबर, सकाळ
जाते तारनाक्याला. ऑटो बोलावलीय. कागद फ्रेममधून काढून पदराखाली घेतला.

१६ सप्टेंबर, दुपार
वाचून दाखवला. वहिनीने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "मला म्हाईत हाय, तारा. तुझ्या दादानं त्याच साली माझ्या पायावर डोकं ठेवून सांगितलं. लेकरू उचलून नेलं होतं अमीनाच्या माणसांनी. माणसं दे, लेकरू घेऊन जा, म्हणले."

"कुणाचं लेकरू?" मी विचारलं.

ती नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मी तेव्हा सहा वर्षांची होते.