आईची भाकरी आणि माझा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट

६ जानेवारी
पेपर तयार. विषय: ज्वारीच्या कडक भाकरीचा टिकाऊपणा. फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट राहिलाय, म्हणजे पेपरचा सारांश. अडीचशे शब्द, म्हणजे डाव्या हाताचा मळ. प्रयोगाच्या सगळ्या भाकऱ्या आईने थापल्या, म्हणून पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवणार. उद्या संपवतो.

९ जानेवारी
सुरुवात जमली! मानवी संस्कृती आणि धान्य. भव्य. एकशे नव्वद शब्द झाले, भाकरी अजून यायचीय. आई अंथरुणातूनच विचारत होती, व्हय रं, माजी भाकर किती दीस टिकली म्हणून लिवलंस? म्हटलं, फायनल झालं की सगळंच वाचतो. अर्धवट सांगण्यात मजा नाही.

१४ जानेवारी
माझे गाइड शिवराज सर यांच्याकडे गेलो. तिळगूळ घेऊनही गोड बोलले नाहीत. का केलं, कसं केलं, काय सापडलं, एवढंच लिहा म्हणाले. सापडलेलं कुठाय, असंही म्हणाले. निष्कर्ष आधीच फोडला तर पेपर वाचेल कोण? सर रिटायर व्हायला आलेत, त्यांना सस्पेन्स कळत नाही.

२० जानेवारी
आईला दम लागतोय. सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावायला सांगितला. तिने पुन्हा तेच विचारलं. वैष्णवी म्हणाली, आकडा तरी सांगा की त्यांना. बायकोला रिसर्च मेथडॉलॉजी काय सांगणार! संस्कृतीवर आणखी एक वाक्य घातलं. उद्या नक्की फायनल.

२३ जानेवारी
सकाळी आई गेली.

२९ जानेवारी
सुतकात बसून अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पूर्ण केला, पाठवला. बरोबर अडीचशे शब्द. आईला आवडला असता. मग खूप रडलो.

१ फेब्रुवारी
दहावा. पिंडाला कावळा शिवेना. माझ्या थोरल्या भावाने, हिंदुरावदादाने, शेतातला आंबा तोडणार नाही म्हणून हात जोडले. कावळे फांदीवरच. वैष्णवी हळूच म्हणाली, ते भाकरीचं सांगा की. मोबाइल काढून अख्खा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मराठीत करून वाचला. दादा म्हणाला, लई भारी लिवलंय, पर भाकर टिकती किती?
मी वरपासून खालपर्यंत शोधलं. त्यात नव्हतं. मग तोंडीच सांगितलं, आई, पाच महिने टिकली गं.
तोवर कावळे उडून गेले होते. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.