पत्र्याखालचे पाच अंश

४ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, म्हणजे घामाघूम पण खुशाल. तुझं कार्ड पोचलं. त्यात तू उन्हाचा उल्लेखसुद्धा केला नाहीस, म्हणूनच काळजी लागली. तू ज्याबद्दल बोलत नाहीस तेच तुला त्रास देत असतं, हे तुझ्या हाताखाली वाढलो म्हणून मला कळतं.

वेधशाळेत धांदल आहे. सोळा दिवस दुपारचा पारा चाळिसाखाली आलेला नाही. दर तीन दिवसांनी साहेब आपल्या सगळ्या विभागाचा हवामान अंदाज तयार करतात आणि मी तो छपाईच्या मेणकागदावर लिहितो. शाळा आठवीतच सुटली, पण अक्षर स्वच्छ आणि ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक, म्हणून हे काम माझ्याकडे. तुमच्या पोस्टाच्या भिंतीवरचं अक्षर माझंच. तू ते रांगेतल्या लोकांना बोट करून दाखवतेस हे वाचून लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

आजचा अंदाज कमाल एकेचाळीस अंशांचा आहे आणि चार दिवस फरक नाही. दुपारी बारा ते चार त्या पत्र्याखालचं शिलाई मशीन बंद ठेव. उत्तरात नुसतं हो लिहिलंस तरी चालेल, पण खरं असेल तरच लिही.

तुझा लोभ आहे म्हणून हट्ट करतो.
तुझा भाचा,
पारोबा
(पारा वाचायची नोकरी लागली तेव्हा हे नाव तूच ठेवलंस, आता तूच भोग.)


९ मे

चि. पारोबास आशीर्वाद.

तुझी आत्या बरी आहे. हे आधी दोनदा वाच, मग पुढचं.

मी तिच्या खोलीखाली राहणारी निवृत्त नर्स. तिनं पत्रात माझं नाव काढलंच असेल, तर चांगल्या शब्दांत नक्कीच नसेल. तिच्या ओल्या कपड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर गळतं, यावरून सहा वर्षं आमचा अबोला आहे.

काल भर दुपारी वरच्या मशीनचा आवाज थांबला. त्या आवाजाच्या नावानं मी आजवर खडे फोडले, पण तो असा मध्येच थांबल्यावर मला राहवेना. वर गेले तर बाईंनी मशीनवर मान टाकलेली, अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. खिडकी बंद, का तर धुळीनं पांढरं कापड मळतं. शेजारच्या सुताराला हाका मारल्या. दोघांनी तिला खाली आणून फरशीवर निजवलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, डॉक्टरांना बोलावलं. संध्याकाळी शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न काय, तर आपल्याला इथे कुणाला विचारून आणलं.

पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाही, असं डॉक्टर बजावून गेले. तरी आज सकाळी ती वर गेली. वर भट्टी झालीय म्हटलं, तर मलाच सुनावते की एकेचाळीसच अंश आहेत, आमच्या मुलानं लिहिलंय, आणि एकेचाळिसात ती वीस वर्षं शिवतेय. तुझ्या अक्षरापुढे माझी तीस वर्षांची नोकरी पाण्यात गेली. आता तूच काय ते बघ.

तुझी आत्या मला कोण म्हणते ते सोड, तू मावशी म्हण.


११ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आभाराचे चार कागद लिहून फाडले. एकही पुरा वाटेना. माझी आई गेल्यापासून मला आत्या तेवढी एकच आहे. ती आज आहे ती तुमच्यामुळे.

चूक माझ्या आकड्याची आहे. तो खरा आहे, पण तिच्या खोलीचा नाही. आमच्या आवारात हिरवळीवर एक पांढरी लाकडी पेटी आहे, चारी बाजूंनी फटी ठेवलेली. थर्मामीटर तिच्यात सावलीत असतो, भोवती वारा खेळतो. एकेचाळीस अंश त्या पेटीतले. पत्र्याखाली खिडकी लावून बसलेल्या माणसाला ती पेटी कुठली? मी रोज ती उघडतो, रोज आकडा लिहितो, आणि हे कुणाला सांगावं असं मला कधी सुचलं नाही.

साहेबांना विचारून एक थर्मामीटर बसच्या कंडक्टरबरोबर पाठवला आहे. पाठवण्याआधी आमच्या थर्मामीटरशी तीन वेळा ताडून पाहिला. दुपारी तीनला तो तिच्या मशीनपाशी टांगून वाचा, मग तुमच्याकडे. सतरा तारखेपासून आठवडाभर पारा आणखी तीन अंश चढणार आहे. त्याआधी ती खाली यायलाच हवी. इथला निरीक्षक उन्हानं आजारी पडलाय, पेटी वाचायला मी एकटाच, म्हणून निघता येत नाही.

तिच्यावर लक्ष असू द्या.
पारोबा


१४ मे

चि. पारोबास आशीर्वाद, आणि बरोबर एक धपाटा.

माझ्या पाठीमागे खालचीशी पत्रव्यवहार करतोस? तुझा थर्मामीटर घेऊन ती वर आली. नर्सच ती, मला वाटलं आता माझ्या काखेत घालते. मशीनपाशी सेहेचाळीस, तिच्या खोलीत सदतीस. अर्थ उघड आहे, बसच्या धक्क्यांनी तो बिघडलाय. काल मुद्दाम पोस्टात जाऊन तुझा कागद वाचला, त्यात सेहेचाळीस कुठेच नाही. तू जबाबदारीनं लिहिलेलं मानायचं, की तिनं डोळे बारीक करून वाचलेलं?

खाली राहायला गेले, तर ती मला जन्मभर ऐकवील. आणि तिच्या फरशीवर पडून राहण्यापेक्षा मी माझ्या मशीनवर पडेन. घाबरू नकोस, ही बोलायची पद्धत झाली. वेळेवर जेवत जा.

लोभ होता तेवढाच आहे, राग वाढलाय.
आत्या


१८ मे

चि. पारोबास आशीर्वाद.

काल सकाळी तुझी आत्या पोस्टात जाऊन नवा कागद वाचून आली. माझ्या दाराशी थांबली आणि भिंतीकडे बघत म्हणाली की पत्र्याखाली पाच अंश जास्त असतात, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. जन्मात पहिल्यांदा ऐकतेय असं तोंड मी केलं. मग म्हणाली की खालच्या मजल्यावर जावे असं छापून आलंय, तेव्हा हा सरकारी हुकूम समजायचा, तिच्या इच्छेचा प्रश्न नाही. तासाभरात सुतारानं मशीन खाली आणलं.

आज तीन वाजता मी एकटीच वर जाऊन वाचलं. एकोणपन्नास. आकडा तुझ्यासाठी टिपून घेतला. खाली ती माझ्या चादरीची फाटकी कड शिवत होती आणि असली चादर मी वापरते कशी, म्हणून बडबडत होती. मी तिच्यापुढे दुसरी ठेवली.

गल्लीतली आणखी सात माणसं दुपारी माझ्या खोलीबाहेरच्या बोळात बसतात. समोरच्या घरातल्या वरच्या खोलीतला म्हातारा घड्याळजी ऐकेना, तर तुझ्या आत्यानं त्याला पोस्टापर्यंत चालवत नेऊन कागद वाचायला लावला.

ही ओळ त्यात आली कशी, ते मात्र कळव.
मावशी


२२ मे

ती. आत्यास आणि ती. मावशीस,
दोघींना सा. न. वि. वि.

साहेब आधी नाहीच म्हणाले. अंदाजात पदरची ओळ घालता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग मी आत्याचं पत्र पुढे ठेवलं. बसच्या धक्क्यांपर्यंत ते हसले, पुढे हसले नाहीत. त्यांनी सेहेचाळीस आणि सदतीस हे आकडे कागदावर उतरवले, दोन जुन्या वह्या चाळल्या, आणि म्हणाले की ओळ तू सांग, सही मी करतो. मी नवा मेणकागद घेतला. त्यावर लिहिलं, ‘हे तापमान सावलीतले आहे. पत्र्याखालच्या खोलीत निदान पाच अंश जास्त धरावेत. दुपारी खालच्या मजल्यावर जावे.’ विभागात एकशे बारा पोस्टं आहेत. त्या सगळीकडे ती ओळ गेली.

आजच्या अंदाजात पारा उतरतोय. ओळ पावसापर्यंत राहील असं साहेब म्हणाले. आत्यानंही तोवर खालीच राहावं. मावशी, तुमचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही, आणि फेडून मोकळं व्हावं असं वाटतही नाही.

निरीक्षक कामावर आलाय. मला रविवारी रजा मिळाली, सकाळच्या बसनं येतो. दारात शिरल्यावर पहिला नमस्कार कुणाला करायचा ते दोघींनी आधीच ठरवून ठेवा. त्यावरून नवा अबोला नको.

दोघींचा,
पारोबा