जास्तीचं ताट

प्रोव्हान्स, २७ डिसेंबर १८८९

प्रिय आईस,

तुझ्या गास्पारचा नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, खोकला थोडासाच. बाबांचा गुडघा कसा आहे?

ऑलिव्हच्या बागेचं चित्र संपलं. वाऱ्यानं वाळू उडून ओल्या रंगात रुतली, ती तशीच ठेवलीय. घरमालकीण बाप्तिस्तीन म्हणाली, "जांभळी झाडं? अरे, डोळे तपासून घे!"

नाताळला एकटा नव्हतो, काळजी करू नकोस. इथे त्या दिवशी एक ताट जास्तीचं मांडतात, दारी येणाऱ्या भिकाऱ्यासाठी. बाप्तिस्तीननं हाक मारली, "ये रे, बस." पोटभर जेवलो. मी त्याच ताटावर बसलोय, हे निम्मं जेवण झाल्यावर कळलं.

आई, तू घरी माझं ताट मांडलं होतंस का गं?

तुझाच,
गास्पार