अठ्ठ्याण्णव मणी

प्रिय आफरीन बेटी,

आज दुकान उघडलं नाही. दुपारी घरभर फिरून माझ्या हातचं काय काय आहे ते बघितलं. पुढचं लोखंडी दार, सोळा गजांचं, एकही गज तिरपा नाही. पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैच्या. स्वयंपाकघरातली मांडणी. तुझ्या अम्मीचे गुडघे दुखायला लागल्यावर वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला केलेलं स्टूल. चौदा इंच उंच, पाय बाहेरच्या अंगाला फाकवलेले, म्हणजे ओल्या फरशीवर सरकत नाही. घराबाहेरचं धरायचं तर मशिदीत नळांसमोरचे बाक आणि कबरस्तानचं फाटक. त्या फाटकातून अम्मीला नेलं तेव्हा ते नुसत्या बोटानं उघडलं, आवाज न करता. माणसं रडत होती आणि मी बिजागरीकडे बघत होतो. चौथी शिकलेल्या माणसाचं हे काम आहे. कुणी शिकवलं नाही, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. आणि सगळ्यात लहान वस्तू म्हणजे अम्मीची तसबीह, जपाची माळ.

तू म्हणशील अब्बा मराठीत का लिहून राह्यले. उर्दू मला वाचता येते, पण लिहायला बसलो की अक्षरं तिरपी होतात, आणि तिरपं मला चालत नाही. बोलायचं म्हटलं तर फोनवर काय झालं ते तुला माहीतच आहे. मागच्या सोमवारी तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत मी फोन कापला. नंतर तुझे नऊ फोन आले. वाजताना बघत बसलो, उचलले नाहीत. रागानं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

तसबीह कशी केली ते तुला अर्धंच माहीत आहे, तू तेव्हा शाळेत होतीस. दुष्काळात शहागडच्या भारत पाटलाची मोसंबीची बाग वाळली. त्यानं झाडं तोडून सरपणाला काढली, तेव्हा मी दोन खोडं मागून आणली. मोसंबीचं लाकूड कुणी वापरत नाही, पण ते पिवळसर असतं, कठीण असतं आणि लेथवर काचेसारखं उतरतं. पाण्याच्या जुन्या मोटारीवर मी छोटा लेथ बसवला होता, त्यावर एकशेदहा मणी केले. आठ मिलिमीटरचे. व्हर्नियर लावून एकेक तपासला, कमीजास्त होते ते बाजूला काढले. तेहतीस मणी सुभानल्लाहचे, तेहतीस अल्हम्दुलिल्लाहचे, तेहतीस अल्लाहु अकबरचे, मध्ये दोन बारके मणी, शेवटी लांबोडका मणी, इमाम. सगळं ओवून अम्मीच्या हातात दिलं आणि म्हणालो, मोजून घे. तिला मोजायचं नव्हतं. मीच हट्ट धरला. मंग तिनं चुलीपुढे बसून एकेक मणी सरकवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बराबर है जी. बिलकुल बराबर."

ती गेल्यावर चाळीस दिवस मी त्या माळेला हात लावला नाही. मी पहिल्यापासून बोटांच्या पेरांवर मोजणारा माणूस. एका हाताची पंधरा पेरं, दोन्हीची तीस आणि वर तीन. एके दिवशी पहाटे फजरला तुझ्या अम्मीच्या जागेवर नमाज पढलो, सलाम फिरवून संपवली आणि माळ उचलली. अंगठा मण्यावर आणि मोजणी मनात, दोन्ही सवयीनं चालू. मधल्या लडीत मनात बत्तीस झाले आणि बारका मणी हाताला लागला. वाटलं, माझंच चुकलं. दुपारी जोहरला पुन्हा तेच. मंग उजेडात बसून सुईच्या टोकानं मोजले. तेहतीस, बत्तीस, तेहतीस.

कसं झालं तेही आठवलं. मधली लड ओवताना एका मण्याला केसाएवढी चीर दिसली. तो काढून चुलीत टाकला, बदली दुसरा घ्यायचा होता. तेवढ्यात भारत पाटील पेरणीयंत्राचा मोडका फण घेऊन दारात आल्ता, पेरणी अडली होती. वेल्डिंग करून परत आलो आणि पुढचा बारका मणी ओवला. इतकंच. चीर पडलेला मणी मला चालला नाही, आणि नसलेला चालला.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसली. अम्मी अकरा वर्षं त्या माळेवर झिक्र, म्हणजे अल्लाहच्या नावाचा जप, करत होती. रोज पाच वेळा, जालन्याला डायलिसिसच्या खाटेवर पडूनसुद्धा. बायकांना नमाजाची सूट असते ते दिवस वजा केले तरी साडेसतरा हजारांच्या खाली येत नाही. इतक्या वेळा तिचं अल्हम्दुलिल्लाह माझ्यामुळे एकानं कमी पडलं. तिला वाटत राहिलं, आपलं पुरं होतंय. मी मौलानांकडे गेलो. ते हसले आणि म्हणाले, मिस्त्री, अल्लाह मण्यांकडे नाही, नीयतकडे बघतो, पढणाऱ्याचं पुरंच धरतो. चांगला माणूस आहे, पण त्याला मापातलं काही कळत नाही. समोरची दैवशाला भाकरी घेऊन यायची तर मी ओसरीत माळच तपासत बसलेला असायचो. एकदा म्हणाली, "मिस्त्री, सकाळधरनं माळ वढून राह्यले, भाकर वाळून चालली. वहिनी असत्या तर माळ काढून घेतली असती तुमच्या हातातून." मी भाकरी खाल्ली. ती शिळी होती का ताजी, सांगता येणार नाही.

आणखी एक तुला सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. नमाज पढतो, पाचही. झिक्र होतं. कुराणातली आयतुल कुर्सी होते, जीभ आपोआप चालते. पण मंग दुआला हात उचलतो आणि मागायला काही सापडत नाही. अम्मी आजारी होती तेव्हा मी फार मागितलं. रोज तेच, तेच शब्द. आता हात उघडे धरून बसतो, तळवे गार पडतात, मंग तोंडावरून फिरवतो आणि उठतो. मौलाना म्हणाले, शब्द नसले तर नुसते हात उचलत जा. म्हणून उचलतो.

असं चाललं होतं म्हणून सोमवारी तुला विचारलं, तिच्या शेजारी तूच बसत होतीस, ती नुसती माळेवर मोजायची का बोटावरही. तू म्हणालीस, "अब्बा, अम्मीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मधल्या लडीचा बारका मणी आला की ती अंगठा करंगळीला लावायची. तेहतिसावं तिथं म्हणायची. मला म्हणाली होती, अब्बांना बोलू नको." इथं मी फोन कापला.

बेटी, ती करंगळी मी बघितली आहे. अकरा वर्षं. जोहरला मी दुकानातून घरी येऊन पढायचो, ती हातभर अंतरावर बसलेली असायची. अंगठा मण्यांवरून सरकत यायचा, मध्येच करंगळीला टेकायचा आणि पुन्हा माळेवर. मी एकदा टोमणाही मारला, एवढी माळ करून दिली तरी बोटांवरच भरवसा का. ती म्हणाली, "आदत है." मी ते खरं धरलं. पाहुण्यांत हसून सांगायचो, हिची एक आदतच आहे.

तिनं का सांगितलं नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. कुंभार पिंपळगावचे साहेबराव एकदा म्हणाले होते की फाटक अर्धा इंच कमी भरतंय. मी ते टेम्पोत घालून परत आणलं, कटरनं तुकडे केले आणि दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. तुम्ही दोघी तेव्हा मांजरासारख्या चालत होतात. माळेचं कळलं असतं तर मी ती तिच्या हातातून घेऊन चुलीत घातली असती. नवी करून दिली असती, ती बराबर असती. तिला हीच ठेवायची होती.

म्हणजे तिचं झिक्र पुरं होतं. एकानंसुद्धा कमी नाही. हे कळल्यावर मला हलकं वाटायला पाहिजे होतं. न्हाई वाटलं. जडही वाटलं नाही. माळ दुरुस्त करायला घेतली नाही. मोसंबीचा एक तुकडा अजून दुकानात आहे, मणी करायला दहा मिनिटं लागतील. मी बारक्या मण्यापाशी अंगठा करंगळीला लावतो आणि पुढे जातो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. तू माझ्या चांगल्यासाठीच माळेचा फोटो जालन्याच्या बालकिशन शेठच्या नातवाला, हर्षला पाठवलास. अब्बांच्या हाताला काम लागलं म्हणजे ते सावरतील, असं त्याला म्हणालीस. तो परवा गाडी घेऊन आल्ता. पोरगा नम्र आहे, आजोबासारखाच. लाकडी वस्तू ऑनलाइन विकतो. माळ हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "काका, बिलकुल अशीच पाहिजे. एक मणी कमी नाही, एक जास्त नाही." अशा दोनशे करून द्या, नमुना म्हणून ही महिनाभर घेऊन जातो म्हणाला. मी त्याच्या हातातून माळ काढून घेतली आणि लेथ बिघडलाय असं सांगितलं. लेथ चालू आहे. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही आणि तो तुला कळवायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. दोनशे माळा दोनशे घरांत जातील. माझ्या हातून एखाद्या माळेत एक मणी ओवायचा राहिलाच, तर मला वाईट वाटू नये म्हणून रोज पाच वेळा करंगळी पुढे करणारं माणूस त्या घरांत कशाला असेल. एका माळेला साडेचारशे, दोनशे माळांचे नव्वद हजार, त्यातले वीस हजार त्यानं पाकिटात घालून आणले होते. मी नको म्हणालो.

तुझेच,
अब्बा