मारियामायचा लांबलेला मुक्काम

प्रिय रुपराव,

फोन तू उचलत नाहीस, दार लोटलेलं असतं, म्हणून हा कागद फटीतून सरकवतो आहे. एकाच गल्लीत राहून एकमेकांना पत्र लिहिणारे अख्ख्या बेसा गावात आपण पहिलेच असू. वाचून हस, नाहीतर शिव्या घाल, पण वाच.

ऑक्टोबर, जपमाळेचा महिना चालू आहे, म्हणजे चर्चमधली मारियामायची मूर्ती रोज एका घरी अशी घरोघर फिरते आहे. रविवारी माझ्याकडे आली. गल्ली मेणबत्त्या घेऊन जमली, जपमाळ झाली, समोसे झाले, आणि समोशांबरोबर मंडळीही संपली. तुझी वहिनी सुहासिनी गेल्यापासून संध्याकाळी माझ्या घरात बोलणारा एकच, टीव्हीवरचा बातम्यावाला, तोही माझ्यावरच ओरडल्यासारखा. मूर्ती मी सुहासिनीच्या शिलाई मशीनवर ठेवली आहे. जाता-येता बोलतो तिच्याशी. भाजीत मीठ जास्त पडलं तर सांगतो. सुहासिनीसारखं 'मले माहीतच होतं' असं ती म्हणत नाही, तेवढीच उणीव.

दुसऱ्याच दिवशी ती पुढच्या घरी जायला हवी होती. अजून इथेच आहे. काल आपल्या चर्चच्या वॉर्डाच्या प्रमुख रोशनीबाई आल्या. "काहून जी चंद्रभानभाऊ, मायले भाडेकरू ठेवलं का?" मी म्हटलं, पुढच्या घरचे न्यायले आले नाहीत. त्यावर त्यांनी आवाज खाली घेतला. "रुपरावभाऊकडे सध्या नको जी. मेघा कॉन्व्हेंट सोडून आली, लोक जमले तं पोरीलेच त्रास. त्यांचं घर सोडा, पलीकडे देऊन टाका." दया बघ किती! तुझी मेघा सिस्टर व्हायला निघाली तेव्हा ह्याच बाईंनी तिला हार घालून फोटो काढला होता. पोरगी देवाला दिली की अख्ख्या चर्चची, परत आली की एकट्या बापाची.

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, बाई, लग्नाआधी दिवस राहिलेली ती नाझरेथची पोरगी म्हणजे हीच आपली माय. तिथे आपल्यासारखी कमिटी असती, तर आधी कोणाचं घर गाळलं असतं? त्यांनी बिस्कीट बशीत परत ठेवलं. "तुमची जीभ म्हणजे ना जी!" जाताना मात्र 'न्याय आणि शांती' शिबिराची पत्रिका द्यायला विसरल्या नाहीत. पुढच्या रविवारी, जेवणासहित.

परवा मेघा गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसली. मला पाहून चादरीमागे सरकली. काहून गा? तिनं काय चोरी केली? देवाचं बोलावणं मला आलं नाही, असं खरं सांगून आली पोरगी. एवढं खरं बोलायची छाती आपल्यापैकी कोणाची आहे?

तर पुढचं घर तुझं आहे, आणि रीत तुला माहीत आहे. देणाऱ्यानं पोचवायची नसते, नेणाऱ्यानं यायचं असतं. उद्या दिवेलागणीला ये, मेघाला घेऊन. गल्ली येईल न येईल. दोघं-तिघं जमले तरी प्रभू येतो असं बायबलात वचन आहे, त्याला कोरम लागत नाही. मूर्ती मेघानंच उचलायची, भर रस्त्यानं. मी मेणबत्ती धरून मागे चालेन. परत आल्यावर माझं घर कसं दिसेल ते मला ठाऊक आहे, म्हणून आजवर मीही फारशी घाई केली नाही. पण तिला तुझं घर चुकवून मी कुठे जाऊ देणार नाही. या रे दोघं, न्या तिला.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
चंद्रभान