गोंद लावलेलं ओळखीचं पत्र

सर, काल आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतली एक मुलगी घरी आली होती. नर्स आहे, पुढच्या महिन्यात आयर्लंडला निघालीय. तिथे माझी एक जुनी मैत्रीण राहते, तिच्या नावे ओळखीचं पत्र मागत होती. फोनवर सगळं जग सापडतं, तरी हिला कागद हवा. मी लिहून दिलं आणि पाकीट उघडंच ठेवलं. ते तुमच्यामुळेच, पण आज आभार मानायला बसलेले नाही.

परदेशी निघालेला तुमचा प्रत्येक विद्यार्थी गिरगावातल्या तुमच्या खोलीवर यायचा आणि तिकडे स्थिरावलेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या नावे पत्र घेऊन जायचा. पाकीट कधी चिकटवायचं नाही, हा तुमचा नियम. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते वाचता आलं पाहिजे, असं वर्गात सांगायचात. गिरणी कामगाराची मुलगी, म्हणजे मी, नर्स म्हणून लंडनला निघाले तेव्हा मात्र तुम्ही गोंदाची बाटली काढलीत. माझ्यासमोर पाकीट चिकटवलंत आणि वरून अंगठा फिरवलात.

घरी येऊन मी ते चहाच्या आधणावर धरलं. आई म्हणाली, "सरांचो कागद असो फोडू नये गो." मी फोडला. लंडनला डॉक्टर झालेल्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्याला तुम्ही लिहिलं होतं की मुलगी हुशार आहे, पण हट्टी. चार दिवसांत परत जाते म्हणेल, तेव्हा रागावू नये, तिकिटाची सोय करून द्यावी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगे सगळे होतकरू, आणि मला परतीचं तिकीट! हे पत्र कोणालाही द्यायचं नाही, असं तिथेच ठरवलं, आणि दिलं नाही. तळघरातली खोली मीच शोधली. वॉर्डात बोलणी खाल्ली, मग उलट उत्तरं द्यायला शिकले, आणि मेट्रन होऊन, नोकरी पुरी करून स्वतःच्या तिकिटाने परत आले. पहिल्या सुट्टीत तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "पत्र दिलंस ना?" मी हो म्हणाले. तुमचा चेहरा फुलला. खोटं बोलल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आई शेवटपर्यंत म्हणायची, सरांनी तुला डिवचायला मुद्दाम लिहिलं असणार. मला नाही पटत. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं आणि तुम्ही चुकलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून मी हे मागे घेणार नाही.

हा कागद तुमच्या त्याच जुन्या पाकिटात ठेवणार आहे, तेव्हा एक सांगून टाकते. लंडनला पोहोचल्यावर एका रविवारी मी बॅग भरून, तुमचं पत्र घेऊन त्या डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले होते. बेलवर बोट ठेवलं आणि मागे फिरले. तुम्ही चार दिवस म्हणाला होतात, सर. तो अकरावा होता.